ग्रंथपालाने आपले एक काम निवडावे

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन दरवर्षी बाहेर पडणारी मुले-मुली आणि त्यांच्यासाठी निघणाऱ्या जागा यांचा मेळ महाराष्ट्रात नीट बसत नाही. महाविद्यालयात ग्रंथपालाचे पद बहुधा एकच असते. ते भरलेले असले तर पुढची कित्येक वर्षे तिथे नव्या माणसाला वाव नाही, आणि रिकामे झाले तरी भरतीची परवानगी मिळेपर्यंत बराच काळ निघून जातो. शाळांतल्या अर्धवेळ ग्रंथपालांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळलेला आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची हजारो ग्रंथालये गावोगावी आहेत. मात्र तिथल्या सेवकांचा पगार अनुदानातून निघतो, आणि २०२२ च्या अखेरीस अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर झाली तेव्हाही ड वर्गाच्या ग्रंथालयाच्या हाती वर्षाला पन्नास हजारांच्या आतच रक्कम येणार होती. अशा स्थितीत करिअर कसे घडवायचे, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: नेट-सेट व्हा, पीएच.डी. करा, प्रमाणपत्रे जमवा, जाहिरातींवर लक्ष ठेवा. या उत्तरात खोटे काही नाही, पण ते दारापर्यंतच नेते. आत गेल्यावर तीस वर्षे काय करायचे, आणि दार उघडलेच नाही तर काय, याबद्दल ते गप्प आहे. या व्यवसायात माणसाची वाढ ज्ञानव्यवहारातल्या एखाद्या खऱ्या अडचणीवर दीर्घकाळ, नेमके आणि इतरांना दिसेल असे काम केल्याने होते, आणि ते काम ग्रंथपालाने स्वतः निवडावे लागते, असे मला वाटते. पुढचे सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी दाराविषयी थोडक्यात, कारण ते टाळता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार महाविद्यालयीन ग्रंथपाल किंवा विद्यापीठातला सहायक ग्रंथपाल होण्यासाठी ग्रंथालयशास्त्रातली किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा नियमांत बसणारी पीएच.डी. लागते. वेतनस्तर १० म्हणजे ५७,७०० रुपयांच्या मूळ वेतनापासून सुरुवात होते. तिथून पुढच्या स्तरावर जायला पीएच.डी. असलेल्याला चार वर्षे आणि केवळ पदव्युत्तर पदवी असलेल्याला सहा वर्षे सेवा लागते, शिवाय उजळणी वर्ग पूर्ण करावे लागतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा किंवा इग्नूचा मार्ग आहे, आणि गावच्या वाचनालयात काम करणाऱ्यांसाठी जिल्हा ग्रंथालय संघांचे प्रमाणपत्र वर्ग आहेत. ज्याला जे हवे त्याने ते लवकर उरकावे. तिसरे आणि चौथे प्रमाणपत्र मात्र फारसे काही बदलत नाही. मुलाखतीला आलेल्या वीस जणांकडे तीच प्रमाणपत्रे असतात, आणि निवड समितीला त्यांतून कोणाला काय येते ते कळत नाही.

कामामुळे माणूस वाढतो याचा सर्वांत मोठा पुरावा या व्यवसायाच्या इतिहासातच आहे. शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ते गणिताचे अध्यापक होते. ग्रंथालयाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. सुरुवातीला तर तिथला रिकामपणा असह्य होऊन ते परत शिकवायला जाऊ पाहत होते. इंग्लंडला अभ्यासासाठी गेल्यावर तिथल्या वर्गीकरणाच्या पद्धतींतली उणीव त्यांना दिसली: ठरावीक कप्प्यांत नवे विषय बसत नाहीत. ही एक अडचण त्यांनी धरली. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले, आणि पुढे जगभर जे नाव झाले ते या कामाचे झाले. कोणी म्हणेल, रंगनाथन असामान्य होते, सामान्य ग्रंथपालाला त्यांचा दाखला कशाला? मग शंकर गणेश दाते यांच्याकडे पाहावे. १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची त्यांनी सिद्ध केलेली सूची आजही मराठीच्या संशोधकाला उघडावी लागते. दाते कोणत्या हुद्द्यावर होते हे तिच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना सांगता येईल, पण सूची सर्वांना माहीत आहे. सामान्य संस्थेचाही दाखला आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालय न्यासाची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडताच निकामी होणार होती आणि नवी विकत घेणे जड होते. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक प्रणाली लिहून घेतली आणि ती सर्वांना खुली केली. तीच ‘कोहा’. आज आपल्याकडची अनेक महाविद्यालये ती वापरतात, आणि ती बसवणे, जुन्या नोंदी तिच्यात सुखरूप आणणे ज्यांना जमते त्या ग्रंथपालांना शेजारच्या संस्था बोलावून घेतात.

आता निवड कशी करायची? निकष तीन लावावेत: अडचण तुमच्याच ग्रंथालयात रोज भेटणारी असावी, ती इतर शेकडो ग्रंथालयांतही असावी, आणि बाहेरून कोणी येऊन ती सोडवेल अशी शक्यता कमी असावी. महाराष्ट्रात या तिन्ही निकषांना सर्वांत चांगले उतरणारे क्षेत्र माझ्या मते मराठी नोंदींचे आहे. आचार्य अत्रे यांचे ‘कऱ्हेचे पाणी’ घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, तर दुसऱ्यात साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. नोंद करणाऱ्याने एक प्रकार वापरला आणि वाचकाने शोधताना दुसरा, तर प्रणालीत यावर इलाज केलेला नसल्यास पुस्तक कपाटात असूनही उत्तर ‘उपलब्ध नाही’ असे येते. त्याच अत्र्यांच्या नावाचे पाहा. कुठे ‘अत्रे, प्र. के.’, कुठे ‘अत्रे, प्रल्हाद केशव’, कुठे ‘आचार्य अत्रे’ अशा नोंदी असतात, आणि ‘झेंडूची फुले’ तर ‘केशवकुमार’ या नावाखाली. एकाच लेखकाची पुस्तके चार ठिकाणी विखुरतात. कुसुमाग्रज आणि शिरवाडकर, बालकवी आणि ठोमरे, ग्रेस आणि गोडघाटे, अशी यादी लांबवता येईल. त्यात १९९० च्या दशकात श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत केलेल्या नोंदींची भर. युनिकोडमध्ये आणताना त्यांची अक्षरे फुटतात. काही ग्रंथालयांत मराठी पुस्तके रोमन लिपीत नोंदलेली आहेत, आणि प्रत्येक नोंदकाचे स्पेलिंग वेगळे.

यावर काम करायला मोठा निधी लागत नाही. आपल्या संग्रहातल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या दोनशे मराठी लेखकांपासून सुरुवात करावी. प्रत्येकाचे एक प्रमाण नाव ठरवून त्याची बाकीची रूपे, टोपणनावे आणि जन्म-मृत्यूची वर्षे एका तक्त्यात लिहावीत. ग्रंथालयीन नोंदींच्या ‘मार्क २१’ या प्रमाणकातल्या प्रमाणनाव-नोंदीत मुख्य नाव १०० क्रमांकाच्या क्षेत्रात आणि पर्यायी रूपे ४०० मध्ये जातात; कोहात अशा नोंदी आयात करता येतात. हजारो नोंदींतली एकाच नावाची वेगवेगळी रूपे शोधायला ‘ओपनरिफाइन’ हे मोफत साधन आहे, आणि ते वापरायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. हे काम हाताखालून गेले की माणूस नकळत बरेच काही शिकतो: नोंदींची प्रमाणके, युनिकोडची रचना, विदा (डेटा) स्वच्छ करण्याची शिस्त, मराठी वाङ्मयाच्या इतिहासातले बारकावे. यातले प्रत्येक कौशल्य दुसऱ्या ग्रंथालयात, अभिलेखागारात, प्रकाशनगृहात, विश्वकोशासारख्या प्रकल्पात उपयोगी पडते. एकच काम निवडले तर माणूस त्यातच अडकून पडेल ही भीती म्हणून मला पटत नाही. ज्याने एखादी अडचण तळापर्यंत नेली, त्याला दुसरी हाताळायला कमी वेळ लागतो, तर दहा विषयांच्या कार्यशाळांना हजेरी लावलेल्याला प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

महाविद्यालय आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत दुसरे एक क्षेत्र गेल्या काही वर्षांत झपाट्याने मोकळे झाले आहे: संशोधकाला साहाय्य. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी साम्याची मर्यादा १० टक्क्यांवर आणली. प्रबंध तपासून देणे ग्रंथालयाकडे आले. बहुतेक ठिकाणी ते काम एक आकडा छापून देण्यापुरते राहिले आहे. तो आकडा कसा वाचायचा, अवतरणे आणि संदर्भसूची वगळली का, साम्य कुठल्या प्रकरणात एकवटले आहे, हे विद्यार्थ्याला समजावून सांगणारा ग्रंथपाल विरळा. २०२५ च्या सुरुवातीपासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत केंद्र व राज्य सरकारांच्या अखत्यारीतल्या सुमारे ६,३०० संस्थांना ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके खुली झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. नियतकालिके निवडून वर्गणी भरण्याचे जुने काम अशा संस्थांत आटत जाणार आणि मिळालेले वापरात आणण्याचे काम वाढणार. रसायनशास्त्राच्या विभागाला हवी असलेली नियतकालिके त्यांत आहेत का, घरून वापरायचे तर प्रवेश कसा मिळवायचा, कोणता विभाग अजून त्यांकडे फिरकलाच नाही, ही माहिती ग्रंथपालानेच गोळा करायची आहे. त्याच २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने दर्जेदार नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. यादी असताना तिच्यात नाव आहे की नाही एवढे पाहून भागत होते. आता संपादक मंडळ खरे आहे का, समीक्षेला किती काळ लागतो, शुल्क कशाचे घेतात, आधीचे अंक जपले आहेत का, हे पाहून मत देणारा माणूस प्रत्येक संस्थेला लागेल. तो माणूस ग्रंथपाल झाला नाही, तर ते काम दुसरा कोणी कमी नीटपणे करील, आणि ग्रंथपालाचे टेबल देवघेवीचेच राहील. यात उतरायचे असेल तर एकाच विभागापासून आरंभ करावा. त्या विभागाच्या अध्यापकांची प्रकाशने तपासून संशोधकांची ओळख नोंदवणाऱ्या ‘ऑर्किड’ आणि ‘विद्वान’ या संकेतस्थळांवरची त्यांची खाती दुरुस्त करून द्यावीत, आणि नियतकालिक पारखण्याचे एक पानी टिपण मराठीत तयार करून त्यांच्याशी बसून चर्चा करावी.

गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपालाला हे सगळे दूरचे वाटेल. त्याच्याकडे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे, वर्तमानपत्रे आहेत, आणि कपाटांत जीर्ण पुस्तके. पण रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे आणि कोल्हापूरचे १८५० चे वाचनालय ज्या राज्यात आहे, तिथे ही जीर्ण कपाटे हीच मोठी संधी आहे. स्थानिक नियतकालिकांचे अंक, संस्थानी काळातले अहवाल, गावच्या शाळांच्या स्मरणिका, व्याख्यानमालांच्या पत्रिका बऱ्याचदा दुसरीकडे कुठेच उरलेल्या नसतात. अंकीकरणाचा उत्साह पुष्कळ ठिकाणी दिसतो. यंत्र भाड्याने आणतात, पाने टिपतात, फायली एका डिस्कवर पडून राहतात. हे काम सूचीपासून सुरू व्हायला हवे: काय आहे, कोणते अंक अपुरे आहेत, कशाची दुसरी प्रत कुठे आहे. मग हक्काचा प्रश्न. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क चालतो. १९५० मध्ये गेलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ पासून मुक्त आहे, पण १९६९ मध्ये गेलेल्या अत्र्यांचे २०२९ अखेरपर्यंत नाही. एवढी तारीखवार स्पष्टता ज्याच्याकडे असते, त्याच्या ग्रंथालयाला देणगीदार आणि संशोधन संस्था गंभीरपणे घेतात. तालुक्याच्या इतिहासावर काम करणारा विद्यार्थी मग त्या ग्रंथपालाकडे येतो, त्याच्या प्रबंधात ग्रंथालयाचा उल्लेख होतो, आणि त्या प्रबंधाच्या आधाराने पुढचा अभ्यासक येतो.

या विचारावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पगाराचा आहे. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेवकाला आणखी काम निवडायला सांगणे म्हणजे शासनाची आणि संस्थाचालकांची जबाबदारी त्याच्याच गळ्यात बांधणे, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. अनुदान, वेतनश्रेणी, रिक्त पदे हे प्रश्न संघटनेनेच सुटतील. व्यक्तीच्या गुणवत्तेने नव्हे. ज्याला संघटनेचे काम करता येईल त्याने ते अवश्य करावे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, मी सांगतो ते काम ठरलेल्या वेळेतच आणि ठरलेल्या कामाचाच भाग म्हणून करायचे आहे, घरचे तास मोडून नव्हे. दोन, मागणी मांडताना ‘आम्ही किती पुस्तके दिली-घेतली’ या आकड्याने आता कोणाचे मन वळत नाही, कारण तो आकडा सगळीकडेच घसरतो आहे. ‘आमच्या सूचीमुळे या तालुक्यातले अमुक दस्तऐवज अभ्यासकांना मिळाले’ हे विधान खोडून काढणे अनुदान देणाऱ्यालाही कठीण जाते.

दुसरा आक्षेप वेळेचा. एकट्याने ग्रंथालय सांभाळणाऱ्याला देवघेव, दाखलनोंद, मूल्यांकन समितीचे तक्ते यांतून उसंत नसते. इथे निर्दयपणे छाटणी करावी लागते. दाखलनोंदवही लेखापरीक्षणाला लागते, ती राहणारच. पण तीच माहिती संगणकात असूनही तिसऱ्या वहीत उतरवणे, कोणी न पाहणारे मासिक गोषवारे, केवळ प्रथा म्हणून चाललेली कात्रणे, यांपैकी काय बंद करता येईल याची यादी प्राचार्यांसमोर किंवा कार्यकारिणीसमोर ठेवून लेखी संमती घ्यावी. आठवड्यात दोन तास मोकळे झाले तरी वर्षाला शंभर तास होतात. शंभर तासांत दोनशे लेखकांची प्रमाणनावे आरामात होतात.

तिसरा आक्षेप अलीकडचा: कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे करून टाकील. काही भाग ती नक्की करील. इंग्रजी पुस्तकाला वर्गांक सुचवणे, सारांश काढणे तिला जमते. पण हीच यंत्रे अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भ, खरे वाटणाऱ्या नावांनिशी आणि पृष्ठांकांनिशी, तयार करून देतात. प्रबंधाच्या संदर्भसूचीतली प्रत्येक नोंद खरी आहे का हे पाहणे आता नव्याने महत्त्वाचे झाले आहे, आणि ते तपासायचे तंत्र ग्रंथपालाकडे आधीपासून आहे. मराठीच्या बाबतीत तर यंत्राला शिकायलाच विश्वासार्ह नोंदी हव्यात. केशवकुमार आणि अत्रे एकच, हे कोणी तरी आधी नीट नोंदवून ठेवले असेल तर यंत्राला ते कळण्याची शक्यता वाढते. म्हणून यंत्रांपासून लांब राहणे हा उपाय नव्हे. ती वापरून पाहावीत, आपल्या कामात कुठे चुकतात ते उदाहरणांसह टिपून ठेवावे, आणि विद्यार्थ्यांना दाखवावे.

काम झाले तरी ते दिसले नाही तर त्याचा करिअरला उपयोग नाही, आणि याबाबत आपल्या व्यवसायात संकोच फार आहे. कामाआधीची स्थिती लिहून ठेवल्याशिवाय सुरुवात करू नये: किती शोध निष्फळ जात होते, किती नोंदी दुहेरी होत्या, किती अंकांची नोंदच नव्हती. सहा महिन्यांनी तेच पुन्हा मोजावे. मग चार पानांचे टिपण लिहावे, ज्यात फसलेल्या गोष्टीही असाव्यात, कारण दुसऱ्या ग्रंथपालाला त्यांचाच उपयोग अधिक होतो. ते जिल्हा ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात वाचावे, आणि तयार झालेला तक्ता किंवा सूची इतरांना मोफत द्यावी. फुकट दिले तर दुसरा आपल्या नावावर खपवील, ही शंका येते. ती टाळायला फायलीतच कर्त्याचे नाव, दिनांक आणि वापराची अट लिहावी, आणि टिपण ऑर्किड खात्याला जोडावे. सार्वजनिक ठिकाणी आधी ठेवलेले काम नंतर कोणाला स्वतःचे म्हणवणे अवघड जाते. नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या फायलीवर ही चार पाने ठेवावीत. विधी कार्यालये, वृत्तसंस्था, औषधकंपन्या, संग्रहालये, माहिती-विश्लेषणाच्या कंपन्या यांच्या जाहिरातींत ‘ग्रंथपाल’ हा शब्द सहसा नसतो. तिथे नोंदी, वर्गीकरण, विदा आणि शोध या कामांची नावे असतात. अशा ठिकाणी अर्ज करताना पदवीच्या नावापेक्षा हे टिपण तुमची ओळख चांगली करून देते.

आणि संस्थेकडे मागायचे असेल तर पगारवाढीबरोबरच तीन गोष्टी लेखी मागाव्यात: ठरवलेल्या कामासाठी आठवड्यातले निश्चित तास, वर्षातून एका प्रशिक्षणासाठी कर्तव्यरजा, आणि तयार होणाऱ्या सूचीवर किंवा टिपणावर करणाऱ्याचे नाव. यांपैकी शेवटची मागणी पैशाविना पूर्ण होते, तरी तीच बहुधा केली जात नाही. ती पहिल्याच पत्रात करावी.